संरक्षित वास्तू आणि राहते घर : चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात एक परीक्षण

१

जुन्या वास्तूंची यादी करणे हे वरवर पाहता कारकुनी स्वरूपाचे काम वाटते. गावाचे नाव, वास्तूचे नाव, तिचा अंदाजे काळ आणि आजची स्थिती एवढे रकाने भरले की काम पुरे झाले, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु थोडा खोलवर विचार केल्यास असे आढळून येईल की, प्रत्येक यादीच्या मुळाशी एक मूल्यविचार असतो. कोणती वास्तू जतन करण्याजोगी आणि कोणती नाही, हा निर्णय यादीकाराने रकाने आखण्यापूर्वीच घेतलेला असतो. म्हणून वाङ्मयाच्या इतिहासाची जशी चिकित्सा होते, तशी वास्तूंच्या यादीचीही होणे अवश्य आहे.

चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यप्रधान जिल्ह्यांच्या बाबतीत ही गरज अधिकच तीव्र ठरते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. तोवर हा सारा प्रदेश एकाच जिल्ह्यात मोडत होता आणि ब्रिटिश अमदानीत तो चांदा या नावाने ओळखला जाई. या प्रदेशातील संरक्षित स्मारकांची नावे वाचत गेल्यास वैनगंगेच्या काठचा मार्कंडा येथील देवालयसमूह, वैरागडचा किल्ला, भद्रावतीची लेणी, बल्लारपूरचा किल्ला, चंद्रपूरचा परकोट, गोंड राजांच्या समाध्या आणि लालपेठेतील प्रचंड एकपाषाणी मूर्ती अशी मालिका डोळ्यांपुढे उभी राहते. देव, राजा आणि मृत्यू या तिघांची घरे तीत आहेत. माणसाचे राहते घर मात्र जवळजवळ कोठेच भेटत नाही.

ही अनुपस्थिती आकस्मिक नाही. १८९७ साली हेन्री कझिन्स यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडातील प्राचीन अवशेषांची जी यादी प्रसिद्ध केली, तिचे लक्ष मुख्यतः दगडी अवशेषांवर होते. १९०४ साली लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत प्राचीन स्मारकांच्या जतनाचा कायदा झाला आणि स्वातंत्र्यानंतर १९५८ च्या केंद्रीय कायद्याने त्याची जागा घेतली. १९५८ च्या कायद्याची प्राचीन स्मारकाची व्याख्या पाहावी. इमारत, बांधकाम, स्मारक, दफनस्थान, लेणे, शिलाशिल्प, शिलालेख, एकपाषाणी स्तंभ वा मूर्ती यांचा तीत समावेश असून त्या वस्तूला ऐतिहासिक, पुरातत्त्वीय अथवा कलात्मक महत्त्व असावे आणि ती किमान शंभर वर्षे अस्तित्वात असावी, अशा दोन अटी आहेत. ‘इमारत’ या शब्दात घर बसत नाही असे नाही. परंतु शंभर वर्षांची अट आणि व्याख्येतील इतर शब्दांचा ओघ पाहता कायदेकारांच्या मनात जे चित्र होते, ते वस्ती उठून गेलेल्या दगडी वास्तूचे होते, याविषयी शंका राहत नाही.

२

या दृष्टिकोनाचा उगम शोधू गेल्यास तो इंग्लंडमधील कायद्यापर्यंत जाऊन पोचतो. ब्रिटनमध्ये १८८२ साली प्राचीन स्मारकांचा जो पहिला कायदा झाला, त्याचा रोख प्रामुख्याने प्रागैतिहासिक अवशेषांवर होता. १९१३ च्या कायद्यात तर ज्या वास्तूत कोणी राहत असेल, तिला स्मारक-संरक्षणाच्या प्रमुख तरतुदींतून वगळण्यात आले. घर ही खाजगी मालमत्ता असल्याने सरकारने तिच्या उंबरठ्याच्या आत पाऊल टाकू नये, ही त्यामागील भूमिका होती. भारतात आलेला कायदा याच विचारपरंपरेतील होय.

मात्र ब्रिटनमध्ये ही उणीव पुढे भरून निघाली, हे ध्यानात घेतले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ साली नगररचनेचे नवे कायदे झाले. त्यांपैकी स्कॉटलंडसाठी झालेल्या स्वतंत्र कायद्याने वापरात असलेल्या इमारतींची निराळी यादी करण्याचा मार्ग खुला केला. तेव्हापासून तेथे दोन वेगळ्या याद्या आहेत. एक ओस पडलेल्या वा अवशेषरूप स्मारकांची आणि दुसरी नांदत्या इमारतींची. दुसऱ्या यादीत आज ४७,००० हून अधिक इमारती असून महत्त्वानुसार त्यांचे ए, बी व सी असे तीन वर्ग आहेत. तीत राजवाडे आहेत, तशीच खेड्यांतील दोन खोल्यांची घरेही आहेत. यादीतील घरात मालकाने राहू नये असे कोणी म्हणत नाही. घराचे विशेष स्वरूप बदलणारे काम करावयाचे झाल्यास परवानगी घ्यावी, एवढेच अपेक्षित असते.

या पद्धतीचे फळ पाहावयाचे तर फोर्थ नदीच्या खाडीवरील कल्रॉस हे खेडे हे उत्तम उदाहरण ठरेल. तेथील ‘पॅलेस’ म्हणून ओळखले जाणारे घर वस्तुतः राजाचे नव्हे. ते सर जॉर्ज ब्रूस या कोळशाच्या व मिठाच्या व्यापाऱ्याने १५९७ पासून बांधावयास घेतले आणि १६११ च्या सुमारास ते पूर्ण झाले. खाडीखालील कोळसा काढण्याच्या धाडसी उद्योगामुळे ब्रूस प्रसिद्धीस आला होता. जहाजे कोळसा घेऊन जात आणि परतताना जे साहित्य आणीत, त्यातून घर सजले. त्याच्या लाकडात बाल्टिक किनाऱ्यावरील पाइन आहे. १९३१ साली स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या संस्थेने १९३२ सालीच हे घर विकत घेतले. आज ते ‘ए’ वर्गात आहे. परंतु अधिक महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. या एका मोठ्या घराभोवतालची लहान घरेही त्याच जिव्हाळ्याने राखली गेली. १९६० साली संस्थेने ‘लहान घरांची’ एक योजना हाती घेतली. पडीक घर घ्यावे, दुरुस्त करावे, जतनाची अट घालून राहणाऱ्याला विकावे आणि आलेल्या पैशातून पुढचे घर घ्यावे, अशी तिची रीत होती. फाइफ परगण्यातील किनाऱ्यालगतच्या अनेक खेड्यांतील तांबड्या कौलांची घरे या रीतीने नांदती राहिली.

भारताने ब्रिटिश कायद्याचा पहिला अर्धा भाग वारशाने घेतला. दुसरा अर्धा भाग उशिरा आणि तुटकपणे आला. १९९५ साली बृहन्मुंबईसाठी वारसावास्तूंची नियमावली झाली आणि तीत राहत्या इमारतींचीही श्रेणीवार नोंद झाली. परंतु अशी नियमावली नगररचनेच्या हातात हात घालून चालते. जेथे विकास आराखडा आहे तेथेच तिचा अंमल. भामरागड, एटापल्ली वा धानोरा तालुक्यातील पाड्यावर ती कशी पोचणार? म्हणजे स्मारकांची यादी अरण्यात पोचली, पण दगडापाशी थांबली. आणि घरांची यादी शहरात आली, पण वेशीपाशी थांबली. या दोहोंच्या मधल्या मोकळ्या जागेत चंद्रपूर-गडचिरोलीचे घर उभे आहे.

३

प्रथम राजाच्या घराचा विचार करू. सिरपूर, बल्लारपूर आणि चंद्रपूर असा गोंड राजधानीचा प्रवास परंपरेने सांगितला जातो. चंद्रपूरच्या स्थापनेची कथा सुप्रसिद्ध आहे. अंगावरील व्याधीने त्रस्त झालेला खांडक्या बल्लाळशाह झरपट नदीच्या कोरड्या पात्रात पाण्याचा शोध घेतो आणि तेथील पाण्याने त्याची व्याधी शमते. पुढे एक ससा त्याच्या कुत्र्याचा पाठलाग करताना दिसतो. आणि राणीच्या सल्ल्याने त्या पाठलागाच्या रेषेवर नगराचा कोट आखला जातो. या व अशा कथांचा मुख्य लिखित आधार म्हणजे मेजर लूसी-स्मिथ यांचा चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीविषयीचा १८६९ सालचा अहवाल. पुढील गॅझेटियरांनी व स्थानिक इतिहासलेखकांनी त्याच अहवालाची री बहुतांशी ओढली आहे. कथेचा सारा रोख परकोटाच्या रेषेवर आहे, ही गोष्ट येथे लक्षणीय ठरते. राजा कोठे राहत होता, त्याच्या वाड्यात किती चौक होते, राणीवसा कोणत्या बाजूस होता, यांविषयी कथा मौन बाळगते.

त्यामुळे इतिहासकारांचे लक्षही परकोटावरच खिळून राहिले. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर ही चार महाद्वारे, त्यांच्या जोडीला पाच खिडक्या, आणि द्वारांवर कोरलेली हत्तीला नमविणाऱ्या सिंहाची राजमुद्रा यांची वर्णने वारंवार आढळतात. वीरशाहाची समाधी व ती उभारणारी राणी हिराई यांचीही कीर्ती मोठी आहे. महाकाली देवालयाशीही हिराईचे नाव जोडलेले आहे. वाड्याची गोष्ट मात्र निराळी. गोंड राजांचा चंद्रपूर येथील वाडा नष्ट झाला नाही. त्याचे कारागृह झाले. आजचे जिल्हा कारागृह हे त्याच वास्तूच्या जागी व तिच्या कोटात आहे.

येथे विरोधाभास असा की, या परिवर्तनानेच वास्तू तगून राहिली. ज्या इमारतीला उपयोग उरत नाही, तिचे दगड गावातील नव्या बांधकामांना लागतात, हा सार्वत्रिक अनुभव आहे. कारागृहाच्या भिंतीचा दगड मात्र कोणी उचलून नेत नाही. पण जतनाचे हे मूल्य फार मोठे आहे. ज्या घराला भिंती आहेत पण ज्यात अभ्यासकाला, नागरिकाला वा राजवंशाविषयी आदर बाळगणाऱ्या गोंड समाजाला मोकळेपणाने जाता येत नाही, त्या घराची स्मृती हळूहळू भिंतींच्या बाहेरच्या बाजूवरच उरते.

घराचे बंदिशाळेत रूपांतर होण्याचा हा या राजवंशाच्या इतिहासातील पहिलाच प्रसंग नव्हे. १७५१ साली नागपूरकर भोसल्यांनी चांद्याचे राज्य घेतले, तेव्हा अखेरचा राजा नीलकंठशाह यास बल्लारपूरच्या किल्ल्यात कैदेत ठेवण्यात आल्याचे सांगितले जाते. पूर्वजांच्या राजधानीतच वंशजाच्या नशिबी कैद आली. पुढे मे १८१८ मध्ये इंग्रज फौजेने चांदा जिंकला आणि १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा होऊन हा मुलूख थेट कंपनी सरकारच्या हाती गेला. त्यानंतर चारच वर्षांनी, २१ ऑक्टोबर १८५८ रोजी, मोलमपल्लीचा तरुण गोंड जमीनदार बाबुराव शेडमाके यास बंडखोर ठरवून चांदा येथे फाशी देण्यात आले. कारागृहाच्या आवारातील पिंपळाशी ही घटना निगडित मानली जाते आणि दरवर्षी त्या दिवशी तेथे अभिवादनासाठी लोक जमतात.

या घटनेचा वास्तूच्या मूल्याशी काय संबंध, असा प्रश्न उपस्थित होणे शक्य आहे. संबंध निकटचा आहे. पुरातत्त्वाच्या दृष्टीने पाहिल्यास ही वास्तू गोंडकालीन बांधकामाचा नमुना, आणि नंतरच्या फेरबदलांमुळे काहीसा डागाळलेला नमुना, ठरेल. परंतु ज्यांचा तो वारसा, त्यांच्या दृष्टीने त्या जागेचे केंद्र वाडा नसून पिंपळ आहे. गोंड राजाच्या घरी गोंड तरुणाला फाशी झाली, हा अर्थ दगडात कोरलेला नाही. तो माणसांच्या येण्याजाण्यात टिकून आहे. तेव्हा कारागृहाची झालेली भर खरवडून ‘मूळचा’ वाडा दाखविणे, हे जतन ठरणार नाही. वाडा, तुरुंग आणि फाशीची जागा हे तिन्ही थर एकत्र वाचले गेले पाहिजेत. वास्तूच्या मोजमापांचा थरनिहाय आराखडा अभ्यासकांना उपलब्ध असणे, आणि कारागृहाच्या शिस्तीला बाध न येता ठरावीक दिवशी तेथे लोकांना जाता येणे, या त्या दिशेने जाणाऱ्या दोन साध्या गोष्टी होत.

४

राजाच्या घराकडून रयतेच्या घराकडे वळावयाचे तर परकोटालगत चालत जावे लागेल. इरई आणि झरपट या नद्यांच्या सान्निध्यात वसलेल्या जुन्या चंद्रपूरला हा कोट वेढून आहे. म्हणजे येथे संरक्षित स्मारक म्हणजे गावाबाहेरील टेकडीवरचा एकाकी अवशेष नव्हे. ते नांदत्या वस्तीच्या कडेने फिरणारे वर्तुळ आहे. २०१० साली स्मारकविषयक कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिने संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र निषिद्ध आणि त्यापुढील २०० मीटरचे क्षेत्र नियंत्रित ठरविले. निषिद्ध क्षेत्रात नवे बांधकाम करता येत नाही. १६ जून १९९२ पूर्वी तेथे उभ्या असलेल्या घराची दुरुस्ती करावयाची झाल्यास सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते.

ताजमहालासारख्या वास्तूचा विचार करता या तरतुदीचे औचित्य सहज पटते. परंतु मैलोगणती लांबीच्या परकोटाला तीच मोजपट्टी लावली की, भिंतीच्या दोन्ही अंगांना घरांचा एक लांबलचक पट्टा कायद्याच्या छायेत येतो. त्यातील घराला स्वतःचे असे कोणतेही ऐतिहासिक मूल्य मानले जात नाही. तरी त्याच्या कवेलूंची, खांबांची व भिंतींची चर्चा परवानगीच्या अर्जात होऊ लागते. यादीत नाव नसलेले घर यादीतील भिंतीमुळे बांधले जाते. घराला संरक्षणाचा सन्मान नाही, निर्बंधाचे ओझे मात्र आहे. अशा स्थितीत घरमालकाच्या मनात परकोटाविषयी आत्मीयता वाढेल की अढी, हे सांगण्यास भविष्यवेत्त्याची गरज नाही.

तथापि या बाबतीत एक आशादायक घटनाही नमूद करणे न्याय्य होईल. २०१७ सालापासून इको-प्रो या स्थानिक संस्थेच्या स्वयंसेवकांनी परकोटावर माजलेली झाडी व साचलेला कचरा काढण्याचे काम हाती घेतले आणि पुढे लोक परकोटावरून वारसा-फेरीसाठी चालू लागले. हे काम पुरातत्त्व विभागाच्या संमतीने झाले, हे विशेष. कायद्याने भिंत पाडण्यापासून वाचविली होती; पण तिला शहराचा भाग पुन्हा केले ते माणसांच्या पावलांनी. वापर हा जतनाचा शत्रू नसून आधार आहे, या विधानाला याहून चांगला पुरावा शोधण्याची आवश्यकता नाही.

५

वापराचा हा विचार अरण्यात नेला असता तो अधिक मूलगामी होतो. गडचिरोलीच्या पूर्व व दक्षिण भागांतील गोंड व माडिया वस्त्यांत घर म्हणजे लाकडी खांब, बांबूचा कूड, त्यावर मातीचा गिलावा, शेणामातीचे सारवण आणि वर गवताचे वा कवेलूंचे छप्पर. अशा घराला पावसाळा आणि वाळवी ही दोन कायमची आव्हाने असतात. छप्पर वरचेवर शाकारावे लागते, कूड बदलावा लागतो, खांबही केव्हातरी बदलतो. शंभर वर्षे जुना असा एकही कूड अशा घरात सापडणार नाही. परंतु कूड विणण्याची रीत शंभराहून कितीतरी अधिक वर्षांची असेल. कायद्याने वस्तूचे वय विचारले तर घर नापास होते. रीतीचे वय विचारले तर किल्लेही त्याच्यापुढे तरुण ठरतील.

या वस्त्यांतील सर्वांत अर्थपूर्ण वास्तू म्हणजे गोटूल. तिच्याविषयीचे शहरी वाचकाचे ज्ञान बहुधा व्हेरिअर एल्विन यांच्या १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या बस्तरमधील मुरियांविषयीच्या ग्रंथावरून, किंबहुना त्या ग्रंथाच्या ऐकीव सारांशावरून, बेतलेले असते. तरुण-तरुणींचे एकत्रित शयनगृह एवढीच त्याची ओळख रूढ झाली. परंतु सर्व गोंड समाजांत गोटुलाचे रूप एकसारखे नाही. डोंगरी माडियांमध्ये ते मुख्यतः मुलांचे व पुरुषांचे घर असल्याचे अभ्यासकांनी नोंदविले आहे. गावाची बैठक तेथे भरते, पाहुणा तेथे उतरतो, भांडणतंटा तेथे मिटतो. थोडक्यात, राजाचा दरबार, धर्मशाळा आणि पाठशाळा यांची कामे मैदानी समाजात ज्या तीन निराळ्या इमारती करतात, ती सारी येथे एका छपराखाली होतात. म्हणून गोटुलाला ‘वसतिगृह’ म्हणणे हे भाषांतर म्हणूनही अपुरे आणि टीका म्हणून तर सर्वस्वी दिशाभूल करणारे आहे.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस परंपरेप्रमाणे सागवानी लाकडाचे गोटूल पुन्हा उभारले. साग हे कायद्याने राखीव लाकूड; त्यामुळे वनखात्याने हरकत घेतली आणि उभारलेले गोटूल उतरवून लाकूड जप्त केले. तेव्हा मेंढ्यासह आसपासच्या गावांनी आपापल्या गावात गोटूल उभारण्याचा निर्धार केला. अखेर प्रशासनाला नमते घ्यावे लागले आणि गोटूल पुन्हा उभे राहिले. या घटनेकडे बहुधा वनहक्कांच्या चळवळीतील एक टप्पा म्हणून पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु वास्तुसमीक्षेच्या दृष्टीनेही तिचे महत्त्व असाधारण आहे. येथे एका ऐतिहासिक घराचा प्रश्न उपस्थित झाला होता आणि तो प्रश्न पुरातत्त्वाच्या कचेरीत नव्हे, तर वनाच्या कचेरीत उपस्थित झाला. शासनाच्या एका शाखेच्या लेखी ज्या वास्तूला अस्तित्वच नव्हते, ती दुसऱ्या शाखेच्या लेखी जप्त करण्याजोग्या लाकडाचा ढीग होती. वास्तू म्हणून तिला ओळखणारे एकच होते, ते म्हणजे गाव.

पुढील इतिहास सर्वश्रुत आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ साली मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. देशातील अशा पहिल्या गावांत त्याची गणना होते. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन बांबूच्या वाहतुकीचे परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावे या साऱ्या वाटचालीशी जोडलेली आहेत. बांबू आता ग्रामसभेच्या अधिकारात आला, म्हणजे घराचा कूडही तिच्या अधिकारात आला, हा या घटनेचा वास्तुविषयक अर्थ फारसा कोणी सांगितलेला आढळत नाही.

येथे कल्रॉसची आठवण होणे स्वाभाविक आहे. तेथील व्यापाऱ्याचे घर समुद्रमार्गे आलेल्या लाकडाने घडले. ते लाकूड आज तितके सुलभ नसले तरी घर राखणाऱ्या संस्थेला ते बाजारातून आणता येते. गोटुलाला मात्र स्वतःच्या गावाभोवतीचे जंगल लागते. जंगलावरील हक्क गेला की दुरुस्ती थांबते, दुरुस्ती थांबली की दोन-चार पावसाळ्यांत वास्तू कोसळते. म्हणजे गोटुलाचे संरक्षण हे मुळात सागाच्या एका खांबावरील हक्काचे संरक्षण आहे.

६

नूतनीकरण होणारी वास्तू ‘अस्सल’ कशी मानावी, हा प्रश्न जगभरच्या अभ्यासकांना पडलेला आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेने मूळ साहित्याच्या जतनावर भर दिला. ही दृष्टी दगडी वास्तूंच्या देशांत उपयुक्त ठरली. लाकूड, बांबू व माती यांच्या देशांत ती तोकडी पडली. जपानमधील इसे येथील देवालय दर वीस वर्षांनी नव्याने बांधले जाते. २०१३ साली त्याचे ६२ वे पुनर्निर्माण झाले. प्रत्येक वेळी लाकूड नवे असते आणि तरीही देवालय प्राचीन असते. म्हणूनच १९९४ साली जपानमधील नारा येथे झालेल्या निवेदनाने अस्सलपणाचा निकष साहित्यापुरता न ठेवता वापर, परंपरा आणि कारागिरी यांच्यापर्यंत विस्तृत केला. १९९९ साली लोकवास्तूंविषयीची आंतरराष्ट्रीय सनदही झाली. इसेला जे लागू होते, ते गोटुलाला लागू होऊ नये, असे म्हणण्यास कोणताही शास्त्रीय आधार नाही. फरक एवढाच की इसेच्या पाठीशी राजवंशाची प्रतिष्ठा आहे आणि गोटुलाच्या पाठीशी केवळ एक पाडा.

याविरुद्ध एक आक्षेप घेतला जाईल आणि तो क्षुल्लक नाही. प्रत्येक नांदते घर वारसा ठरविल्यास वारसा या शब्दाला अर्थच उरणार नाही. शिवाय राहणाऱ्याला आपले घर बदलण्याचा, सिमेंटचे करण्याचा अधिकार आहे. केवळ अभ्यासकाच्या डोळ्यांना सुखविण्यासाठी त्याने गळक्या छपराखाली राहावे, अशी अपेक्षा करणे हा क्रूरपणा होईल. हा आक्षेप मान्य केलाच पाहिजे. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष यादी नको असा नसून यादी निराळी हवी असा आहे. स्मारकांची यादी ‘बदलू नका’ असे सांगते. घरांच्या यादीने ‘ज्याला राखावयाचे आहे, त्याला राखता येईल’ एवढी हमी द्यावी. पहिली आज्ञा आहे, दुसरी सोय. कल्रॉसच्या परिसरातील लहान घरे आज्ञेने टिकली त्याहून अधिक सोयीने टिकली, हे वर पाहिलेच.

अशा यादीसाठी तीन निकष सुचविता येतील. पहिला वापराचा. वास्तूत आजही तिचे काम चालते काय? दुसरा दुरुस्तीचा. ती दुरुस्त करण्याची कारागिरी आणि साहित्य गावाच्या आवाक्यात आहे काय? तिसरा साक्षीचा. ज्यांची ती वास्तू, ते तिला आपली म्हणतात काय आणि तिच्यात त्यांचा प्रवेश आहे काय? या निकषांवर वर चर्चिलेल्या वास्तू पारखून पाहिल्यास आजच्या यादीने लावलेला क्रम पुष्कळसा उलटतो. परकोट पहिल्या निकषावर अलीकडे पुन्हा उत्तीर्ण होऊ लागला आहे. वाडा वापरात आहे, पण साक्षीच्या निकषावर अडतो. गोटूल मात्र तिन्ही निकषांवर उतरते. अट एवढीच की जंगलाचे दार त्याला बंद होता कामा नये.

असे संरक्षण देण्यासाठी नवा कायदा करावा लागेल असेही नाही. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभेला आपल्या परंपरा व सांस्कृतिक ओळख यांचे रक्षण करण्यास सक्षम मानले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या पाचव्या कलमात वननिवासी जमातींच्या सांस्कृतिक व नैसर्गिक वारशाला बाधा आणणाऱ्या कृतींपासून त्यांच्या अधिवासाचे रक्षण करण्याचा अधिकार दिलेला आहे. ‘वारसा’ हा शब्द म्हणजे पुरातत्त्वाच्या दप्तरातून केव्हाच अरण्यात येऊन पोचला आहे. उरते ते त्याचा अर्थ घरापर्यंत नेण्याचे काम. ग्रामसभेने स्वतःच्या वास्तूंची नोंद स्वतःच्या भाषेत करावी, कोणत्या वास्तूला कोणते लाकूड व किती वर्षांनी लागते हे तीत लिहावे, आणि वनव्यवस्थापनाच्या आराखड्यात तेवढी झाडे आधीच राखून ठेवावीत, अशी रीत पडल्यास ती नोंद कोणत्याही शासकीय यादीहून अधिक परिणामकारक ठरेल. कारण तीत वास्तूच्या भूतकाळाबरोबर तिच्या पुढच्या दुरुस्तीचीही तरतूद असेल.

लूसी-स्मिथ यांनी चांद्याची जमाबंदी केली तेव्हा त्यांनी शेते मोजली, गावे मोजली आणि राजांच्या कथाही टिपल्या. कझिन्स यांनी देवळे आणि समाध्या यांच्या नोंदी केल्या. या दोन्ही कामांचे ऋण मान्य करूनही असे म्हणणे भाग आहे की, या प्रदेशातील माणूस कोणत्या घरात राहिला आणि ते घर त्याने कसे राखले, याची नोंद अद्याप व्हावयाची आहे. ती होईल तेव्हा तिचा आरंभ परकोटाच्या महाद्वारापासून न होता, बहुधा गोटुलाच्या नव्याने रोवलेल्या एखाद्या खांबापासून होईल.